रक्त दिल्यानंतर ताप आला तर?

ठाणे-नवी मुंबईत गणपतीच्या सुमाराला मंडळांची रक्तदान शिबिरं भरतात आणि डेंग्यूही तेव्हाच डोकं वर काढतो. म्हणून फॉर्ममधला ‘अलीकडे ताप आला होता का?’ हा प्रश्न घाईत ‘नाही’वर टिक करून सोडण्यासारखा नाही.

आपल्याकडे प्रत्येक रक्तपिशवीची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरिया यांसाठी तपासणी सक्तीची आहे. डेंग्यू, चिकुनगुन्या, झिका त्या यादीत नाहीत. तिथे चाळणी एकच, रक्तदात्याचं खरं उत्तर. डेंग्यू किंवा चिकुनगुन्या झाला असेल तर पूर्ण बरं झाल्यावर 6 महिने, मलेरियानंतर 3 महिने थांबावं लागतं. सकाळी कणकण वाटली म्हणून पॅरासिटामॉल घेऊन शिबिराला जाणं सर्वांत वाईट, कारण थर्मामीटरलाही ताप सापडत नाही.

खरी अडचण पुढेच आहे. डेंग्यू पसरवणारा एडिस डास चावल्यापासून ताप यायला साधारण 4 ते 10 दिवस लागतात; विषाणू मात्र तापाच्या एक-दोन दिवस आधीच रक्तात उतरलेला असतो. माणूस ठणठणीत, हिमोग्लोबिन उत्तम, आणि विषाणू पिशवीत. सिंगापूरमध्ये 2007 साली असंच झालं. दात्याला रक्त दिल्यानंतर ताप आला आणि त्या एका रक्तातून तिघांना संसर्ग झाला.

तिघं कसे? पिशवी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून तांबड्या पेशी, प्लाझ्मा आणि प्लेटलेट वेगळ्या करतात. तांबड्या पेशी 2 ते 6 अंशांत राहतात, प्लाझ्मा गोठवतात. या थंडीने विषाणू मरत नाही. प्लेटलेटच्या फिकट पिवळ्या पिशव्या 20 ते 24 अंशांत, सतत डुलणाऱ्या ट्रेवर ठेवतात. त्या जेमतेम 5 दिवस टिकतात. डेंग्यूच्या दिवसांत तर प्लेटलेटला इतकी मागणी असते की पिशवी पडून राहत नाही.

म्हणून रक्त दिल्यावर पुढच्या आठवडाभरात ताप, अंगदुखी किंवा पुरळ आलं तर एनएस1चा (डेंग्यूच्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट येईपर्यंत थांबू नका. त्याच दिवशी रक्तपेढीला फोन करा. रक्तदानाची तारीख, शिबिराचं ठिकाण आणि कार्डावरचा क्रमांक सांगा. त्या क्रमांकाचे उरलेले घटक लगेच बाजूला काढता येतात, आणि एखादा रुग्णाला चढवला गेला असेल तर त्याच्या डॉक्टरांना वेळेत कळवता येतं.