हायस्कूल क्रॉस कंट्री (अमेरिका): निकाल आणि प्रादेशिक प्रसिद्धी

गवत, माती आणि चढउतारांवरून धावायची ही शालेय सांघिक शर्यत अमेरिकेत ऑगस्टअखेर ते नोव्हेंबर या काळात होते. त्यातले बरेच धावपटू वसंत ऋतूत ट्रॅकवर १६०० आणि ३२०० मीटर धावतात. अंतर बहुतेक राज्यांत ५ किलोमीटर, तर इलिनॉयमध्ये ३ मैल असते. या खेळाला प्रेक्षकांचे स्टेडियम नसते आणि वृत्तपत्रांत जागाही जेमतेम मिळते. त्यामुळे तो लोकांपर्यंत पोहोचतो तो मुख्यतः निकालांमधून, आणि राज्य किंवा विभागापुरती चालणारी संकेतस्थळे हेच काम करतात.

मुख्य शर्यतीत संघाचे सहसा ७ धावपटू उतरतात. पहिल्या पाचांच्या क्रमांकांची बेरीज हे संघाचे गुण, आणि ज्याची बेरीज सर्वांत कमी तो संघ विजयी. सर्वोत्तम गुण १५. एका संघाने १, २, ३, ४ आणि ३० हे क्रमांक मिळवले तर त्याचे ४० गुण होतात. ५ ते ९ क्रमांक पटकावणारा संघ ३५ गुणांवर त्याला हरवतो. सहाव्या-सातव्या धावपटूचे गुण मोजत नाहीत, पण ते प्रतिस्पर्ध्याच्या पाचव्याला मागे ढकलतात. बरोबरी झाली तर सहाव्या धावपटूच्या क्रमांकावर निर्णय होतो. म्हणून फक्त विजेत्याचे नाव आणि छायाचित्र देणारी बातमी या खेळावर अन्याय करते. पहिल्या आणि पाचव्या धावपटूतले सेकंदांचे अंतर छापले, की शर्यत कशी जिंकली गेली ते वाचकाला कळते.

निकाल लावताना ठरावीक ठिकाणी चुका होतात. पाच धावपटू पूर्ण न झालेल्या शाळेचे खेळाडू सांघिक गणनेतून वगळून क्रमांक नव्याने द्यावे लागतात. ते राहिले तर सगळ्यांचीच बेरीज बिघडते. मुलांनी एकमेकांचे बिब (छातीवर लावायचा क्रमांकाचा कागद) लावले तर वेळ भलत्याच्या नावावर जाते. बिब चुरगळले किंवा दुमडले तर त्यातली वेळ नोंदवणारी चिप वाचली जात नाही. बुटाला बांधलेली चिप पाय रेषा ओलांडताना नोंद करते, पण नियमाने क्रमांक ठरतो धड रेषेवर केव्हा पोहोचते त्यावर. अटीतटीच्या वेळी व्हिडिओ पाहण्यावाचून गत्यंतर नसते. ट्रॅकच्या यादीत हाताने घेतलेली वेळ स्वयंचलित वेळेशेजारी तशीच ठेवू नये, तिच्यात ०.२४ सेकंद मिळवून तशी खूण करावी. १०० आणि २०० मीटरला वारा पाठीमागून सेकंदाला २ मीटरपेक्षा जास्त असेल तर तेही नोंदवावे.

सगळ्यात अवघड काम क्रमवारीचे. न्यूयॉर्कच्या व्हॅन कोर्टलँड पार्कमधला शालेय मार्ग अडीच मैलांचा आणि टेकड्यांचा, तर इलिनॉयमधल्या पिओरियाचा डेटवायलर पार्क सपाट आणि वेगवान. या दोन ठिकाणच्या वेळा एका यादीत मांडण्यात अर्थ नाही. त्यात चिखल आणि उकाडा यांची भर. यावर न्यूयॉर्क राज्यातील ‘टली रनर्स’ या संकेतस्थळावर बिल मेलन यांनी ‘स्पीड रेटिंग’ रूढ केले. ओळखीच्या धावपटूंची आजची कामगिरी त्यांच्या आधीच्या कामगिरीशी ताडून त्या दिवशी मार्ग किती संथ होता हे काढायचे आणि त्यानुसार प्रत्येकाला गुण द्यायचे. १ गुण म्हणजे सुमारे ३ सेकंद. ओळखीचे धावपटू मोजकेच असले तर हा अंदाज डळमळतो, आणि एखाद्या संघाने सरावादाखल संथ धाव घेतली तर तो फसतोच.

चांगले प्रादेशिक संकेतस्थळ शनिवारच्या शर्यतीचा निकाल त्याच संध्याकाळी देते. त्यात कनिष्ठ गटातील शेवटच्या मुलापर्यंत प्रत्येकाचे नाव असते, आणि नावांची स्पेलिंगे शाळेच्या यादीशी पडताळलेली असतात. एकच मुलगी दोन स्पेलिंगांनी नोंदली गेली, की तिच्या चार वर्षांच्या प्रगतीचे दोन तुकडे होतात आणि विद्यापीठाच्या प्रशिक्षकाला अर्धाच आलेख दिसतो.