सोलापुरातील सहवैद्यकीय व्यवसाय

रोगनिदान, उपचार आणि पुनर्वसन यांत डॉक्टर व परिचारिका यांच्या बरोबरीने काम करणाऱ्या तंत्रज्ञांच्या आणि उपचारकांच्या व्यवसायांना सहवैद्यकीय व्यवसाय म्हणतात. बोलण्यात सरसकट ‘पॅरामेडिकल’. ‘निमवैद्यकीय’ हा शब्दही रूढ आहे, पण त्याला ‘नीम हकीम’चा वास येतो आणि या माणसांच्या कामाला तो शोभत नाही. लॅब, एक्स-रे, भूल, डायलिसिस, नेत्रतपासणी, फिजिओथेरपी, आहारशास्त्र, प्लास्टर ही यातली नेहमीची क्षेत्रे. नर्सिंग, फार्मसी व दंतवैद्यक यांच्या परिषदा वेगळ्या असल्याने ती यात धरत नाहीत.

सोलापुरात या कामाला मागणी आहे ती शहराच्या जागेमुळे. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६३ मध्ये सुरू झाले. त्याला जोडलेले छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, म्हणजे लोकांचे ‘सिव्हिल’. कुंभारीला अश्विनी ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. रुग्ण धाराशिवकडून येतात, तसेच सीमेपलीकडच्या विजयपूर, कलबुर्गीकडूनही. शहरात मुळातच मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू नांदतात. म्हणून छातीचा एक्स-रे काढताना नुसते ‘श्वास रोखून धरा’ म्हणून भागत नाही. कन्नडमध्ये ‘उसिरु हिडीरी’ही म्हणता यावे लागते. रुग्णाने चुकीच्या क्षणी श्वास सोडला की फिल्म धूसर येते आणि पुन्हा किरणे द्यावी लागतात. हे कौशल्य कोणत्याच अभ्यासक्रमात नसते.

जिल्ह्यातील सर्वांत उल्लेखनीय उदाहरण मात्र बार्शीचे. तेथील नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाशी निगडित असलेली ग्रामीण कर्करोग नोंदणी, म्हणजे खेड्यांतील कर्करुग्णांची पद्धतशीर नोंद ठेवण्याचे काम, १९८७ मध्ये सुरू झाली. देशातील ही अशा प्रकारची पहिली. शहरांतील नोंदणी रुग्णालयांच्या कागदपत्रांवर चालते. खेड्यात रुग्ण रुग्णालयापर्यंत पोचतच नसे, मग कागद कोठून येणार? म्हणून बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतील गावोगावी कार्यकर्ते फिरले, लोकांशी बोलले, लक्षणे समजावली आणि संशयितांना तपासणीला आणले. अशा आरोग्य-माहितीचे व्यवस्थापन हेही सहवैद्यकीय कामच; आज ते संगणकावरचे पद मानले जाते. बार्शीत ते पायी चालून केलेले काम होते.

डायलिसिस तंत्रज्ञाचे कामही विलक्षण आहे. एक फेरी साधारण ४ तासांची, आठवड्यातून दोन-तीनदा, वर्षानुवर्षे. डॉक्टर फेरी मारून जातात. सुई टोचणारा, रक्तदाब घसरला की धावणारा तंत्रज्ञ तोच असतो. पुष्कळदा रुग्णाला घरच्यांइतकाच तो जवळचा होतो.

प्रशिक्षणाचा मुख्य मार्ग म्हणजे नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची बीपीएमटी (बॅचलर ऑफ पॅरामेडिकल टेक्नॉलॉजी) पदवी : बारावी विज्ञाननंतर ३ वर्षे आणि १ वर्ष आंतरवासिता (इंटर्नशिप). पहिले वर्ष सर्वांना सामायिक, पुढे विषय निवडायचा. फिजिओथेरपीची पदवी वेगळी आणि अधिक लांबीची. याखेरीज लॅब तंत्रज्ञांच्या डीएमएलटीसारख्या पदविका आहेत आणि जुना मार्गही आहे : एखाद्या लॅबमध्ये ‘हाताखाली’ राहून शिकणे. हात त्यानेही बसतो, पण व्यावसायिक म्हणून नोंदणी मिळत नाही.

ही नोंदणी आता महत्त्वाची झाली आहे. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने सहवैद्यकीय व आरोग्यसेवा व्यवसायांचे १० गट ठरवले आणि किमान शिक्षणाची अट घातली : सहवैद्यकीय व्यावसायिकासाठी (तंत्रज्ञ वगैरे) २,००० तास, आरोग्यसेवा व्यावसायिकासाठी (उपचारक वगैरे) ३,६०० तास. काही महिन्यांत ‘शंभर टक्के नोकरी’ देणाऱ्या जाहिराती या मोजपट्टीला टिकत नाहीत. प्रवेश घेण्यापूर्वी फी नव्हे, विद्यापीठाची संलग्नता विचारावी आणि सराव कोणत्या रुग्णालयात होणार तेही.

‘डीएमएलटी करून लॅब टाकू’ हा अनेकांचा बेत असतो. तो अर्धाच पुरा होतो, कारण पॅथॉलॉजी अहवालावर त्या विषयातील पदव्युत्तर पात्रता असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले. नमुना घेणे, यंत्र चालवणे तंत्रज्ञाचे, सही डॉक्टरची. एक्स-रे विभागात वेगळीच शिस्त आहे : छातीवर किरणांची मात्रा मोजणारा टीएलडी बिल्ला लावायचा आणि अंगावर किती किरणे पडली ते ठरावीक काळाने तपासून घ्यायचे. बिल्ला खुंटीवर टांगून काम करणारे लोक आहेत. त्यांच्या नोंदीत मग खुंटीची मात्रा येते.