कॅरोटिड धमनीचे विदारण व लकवा

मानेतून मेंदूकडे रक्त नेणाऱ्या कॅरोटिड धमनीच्या आतल्या अस्तराला चीर पडून रक्त भित्तीच्या थरांत शिरते, त्याला धमनीचे विदारण म्हणतात. साचलेल्या रक्ताने धमनी अरुंद होते, चिरेपाशी गुठळी धरते आणि तिचा तुकडा सुटून मेंदूत अडकला की पक्षाघात, म्हणजे वैदर्भी बोलीतला लकवा, होतो. एकूण लकव्यांत मानेतील धमन्यांच्या विदारणाचा वाटा सुमारे २ टक्केच असला, तरी पन्नाशीच्या आतील रुग्णांत ते एक प्रमुख कारण ठरते.

मानेला बसलेला हिसका, अपघात किंवा धमनीच्या भित्तीचा मुळातला कमकुवतपणा यामागे असू शकतो. पुष्कळदा कारण सापडतच नाही. दाढी झाल्यावर हनुवटी धरून मान कडकन मोडून घेण्याची हौस गावोगावी दिसते. अशा झटक्यानंतर विदारण झाल्याच्या नोंदी असल्याने ती सोडलेली बरी.

लकव्याआधी काही तास ते काही दिवस मान, चेहरा किंवा डोके एकाच बाजूने दुखते. कापूस वेचणीच्या दिवसांत हे दुखणे गाठोड्याच्या ओझ्याचे समजून तेल चोळण्यावर निभावले जाते. मात्र त्याच बाजूची पापणी किंचित उतरलेली आणि बाहुली बारीक झालेली दिसली, तर धमनीलगतच्या मज्जातंतूंना इजा झाल्याची ती खूण असू शकते. तेव्हा सीटी किंवा एमआर अँजिओग्राफी करून धमनी पाहावी लागते.

तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला किंवा बोबडी वळली, तर साडेचार तासांच्या आत गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देता येते. मानेत विदारण आहे एवढ्यावरून ते टाळले जात नाही. त्याआधी सीटी स्कॅन करून मेंदूत रक्तस्राव नाही याची खात्री करतात, म्हणून घरीच अ‍ॅस्पिरिन देऊ नये. गडचिरोलीच्या आतल्या गावांतून स्कॅनपर्यंत पोहोचण्यातच ही वेळ निघून जाते. याच जिल्ह्यातील ८६ गावांच्या, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत लकवा हे मृत्यूचे पहिले कारण आढळले होते.

पुढे तीन ते सहा महिने अ‍ॅस्पिरिनसारखे किंवा वॉरफरिनसारखे रक्त पातळ ठेवणारे औषध देतात. २५० रुग्णांवरील ‘कॅडिस’ चाचणीत, २०१५ मध्ये, दोन्ही प्रकारांत लक्षणीय फरक दिसला नाही. वॉरफरिनसाठी रक्ताची वारंवार तपासणी लागते. त्यासाठी दरवेळी मजुरी बुडवून तालुक्याला जावे लागणाऱ्याला डॉक्टर औषध ठरवताना हेही विचारात घेतात. धमनी बहुतेकदा आपसूक भरून येते, स्टेंट क्वचितच लागतो.