आवळा कँडी आक्रसते का? ब्रिक्स मीटर घेणाऱ्या ग्राहकांसाठी माहिती

मीटर घेऊन गेलेल्या गृहउद्योगांची आणि बचत गटांची सर्वांत नेहमीची तक्रार एकच असते : “पाक बरोबर 70 ब्रिक्सचा केला, तरी फोडी सुकून चामड्यासारख्या झाल्या.” ब्रिक्स म्हणजे 100 ग्रॅम पाकात किती ग्रॅम साखर, तो आकडा. मीटर चुकलेला नसतो. पाक घाईने घट्ट केलेला असतो, किंवा आवळा नीट वाफवलेला नसतो.

कच्च्या आवळ्याची प्रत्येक पेशी जिवंत असते. तिच्या बाहेर पेशीभित्तिका असते. ती पाणी आणि साखर दोन्ही जाऊ देते. आतले प्रद्रव्यपटल, म्हणजे पेशीचा पातळ पडदा, मात्र पाणी सोडते आणि साखरेला अडवते. अशी फोड साखरेच्या पाकात टाकली, की पेशीतले पाणी पाकाकडे ओढले जाते. हेच परासरण. पाणी बाहेर जाते, बदल्यात आत काहीच येत नाही. फोड आक्रसते, आतून तुरट राहते.

उकळत्या पाण्याने हे पटल फाटते. खात्री करायची तर बिटाच्या दोन चकत्या धुऊन घ्या. एक गार पाण्यात ठेवा, दुसरी उकळत्या पाण्यात. गार पाणी जेमतेम गुलाबी होते. गरम पाणी काही मिनिटांत लाल होते, कारण रंग धरून ठेवणारे पटलच उरलेले नसते. आवळ्यात हाच दरवाजा उघडला, की साखर विसरणाने, म्हणजे जास्तीकडून कमीकडे, आत सरकते.

म्हणून आवळे उकळत्या पाण्यात 6 ते 8 मिनिटे ठेवा. बोटाने दाबताच पाकळ्या सुट्या व्हायला हव्यात. अर्धवट वाफवलेला आवळा दाबल्यावर पाकळ्या उघडत नाही, बी चिकटून राहते. तो परत पाण्यात टाका. पण कुकरच्या शिट्ट्या नकोत : फोडी फुटतात, आणि पाण्यात उतरणारे क जीवनसत्त्व आणखी वाया जाते. थोडे जाणारच, तेवढे सोडून द्यावे लागते. भांडे स्टीलचे घ्या. लोखंडाशी आवळ्यातले टॅनिन काळे पडते.

आता पाक. एक लिटर पाण्यात 1 किलो साखर म्हणजे 50 ब्रिक्स, दीड किलो म्हणजे 60. फोडींच्या वजनाइतका 50 चा पाक करून, गार झाल्यावर त्यात फोडी बुडवा. दुसऱ्या दिवशी मीटर 34-35 दाखवला तर घाबरू नका. आवळ्यातले पाणी पाकात आले आणि साखर फोडीत गेली, एवढाच त्याचा अर्थ. फोडी काढून ठेवा, पाक वजन करून साखर वाढवा :

लागणारी साखर = पाकाचे वजन × (हवा तो ब्रिक्स − आताचा ब्रिक्स) ÷ (100 − हवा तो ब्रिक्स)

10 किलो पाक 34 वर असेल आणि 60 हवा असेल, तर 10 × 26 ÷ 40 = साडेसहा किलो. साखर घालून पाक उकळा, गार करा, फोडी परत सोडा. तिसऱ्या दिवशी याच रीतीने 70. सुरुवातीला फोडी वर तरंगतात. साखर आत मुरली की खाली बसतात. मीटरइतकीच ही खूण पाहा.

एकदम 70 का नको? साखरेचा रेणू पाण्याच्या रेणूपेक्षा 19 पट जड आहे. पटल फाटले तरी पाणी चपळ आणि साखर मंदच. पाक फार घट्ट असेल तर साखर आत पोहोचायच्या आधी पाणी निघून जाते आणि बाहेरचा थर घट्ट होतो. जाडीही महत्त्वाची : फोड दुप्पट जाड असली तर साखर मध्यापर्यंत पोहोचायला सुमारे चौपट वेळ लागतो. अख्ख्या आवळ्याचा मोरावळा म्हणूनच दोन दिवसांत मुरत नाही.

34 ब्रिक्सचा पाक मात्र दोन दिवस तसाच ठेवू नका. फेस, आंबूस वास म्हणजे यीस्टने ताबा घेतला. 70 च्या पाकात हेच परासरण बहुतेक यीस्टच्या पेशींतले पाणी ओढून त्यांना रोखते.

20 अंशांना शुद्ध साखर पाण्यात सुमारे 67 ब्रिक्सपर्यंतच विरघळते. त्यापुढे ती खड्यांनी बाहेर पडते, कँडी रवाळ लागते. आवळ्याचे आम्ल पाकात उतरलेले असते, ते उकळताना थोड्या साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करते, म्हणून बहुधा निभावते. तरी रवा येत असेल तर शेवटच्या उकळीला किलोमागे 1 ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड घाला.

मीटरबाबत दोनच गोष्टी. 0 ते 32 पट्टीचा मीटर उसाच्या रसाला ठीक, इथे निरुपयोगी. 0 ते 90 चा घ्या. आणि उकळता पाक काचेवर टाकू नका : आकडा चुकतो आणि काचही खराब होते. चमचाभर पाक गार करा, मग दोन थेंब.

शेवटी फोडी निथळून, गरम पाण्यात क्षणभर बुडवून 55 ते 60 अंशांवर वाळवा. चिकटपणा गेला, पण दाबल्यावर अजून मऊ लागल्या, की काढा. उरलेला पाक सरबताला उत्तम. पुढच्या घाण्याला वापरू नका, तो तुरट आणि काळपट होतो.