बदल्यातली जमीन कोणाची?

चंद्रपूर-यवतमाळकडे खाणीसाठी जंगल दिलं गेलं की बातमीच्या शेवटी एक ओळ हमखास येते : बदल्यात वनविभागाला तेवढीच पर्यायी जमीन मिळणार आहे. वाचणाऱ्याला वाटतं, फिटंफाट झाली. ती जमीन आधी कोणाच्या वापरात होती, हे त्या बातमीत नसतं. ते शोधायचं तर मालगुजारीपर्यंत, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या मालगुजारांच्या काळापर्यंत, मागं जावं लागतं.

पूर्व विदर्भात गावाभोवतालचं रान मालगुजाराच्या नावावर असे, पण त्यातून जळतण आणावं, गुरं चारावीत, घरासाठी बल्ल्या-बांबू न्यावेत हा गावाचा वहिवाटीचा हक्क. त्याला निस्तार म्हणतात. १९५१ साली मालगुजारी संपली आणि हे रान सरकारजमा झालं. खुरट्या झाडोऱ्याच्या, मुरमाड जमिनींपुढे महसूल दप्तरात शेरा पडला, 'झुडपी जंगल'. १९५६ मध्ये आपण मुंबई राज्यात आलो, १९६० मध्ये महाराष्ट्रात. शेरा तसाच पुढे आला. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत आजही तो आहे. त्या जमिनीवर गावचं गायरान आहे, स्मशान आहे, कुठे शाळा उभी आहे, कुठे भूमिहीनाचं घर.

२५ ऑक्टोबर १९८० ला वन संवर्धन कायदा लागू झाला आणि केंद्राच्या परवानगीशिवाय जंगल दुसऱ्या कामाला देणं बंद झालं. पर्यायी वनीकरणाची अट या परवानगीसोबत येते. कंपनीला जंगल हवं असेल तर तेवढीच वनेतर जमीन विकत घेऊन ती विनामूल्य वनविभागाच्या नावे करून द्यायची, तिथल्या लागवडीचा खर्च भरायचा, आणि शासनाने ती राखीव किंवा संरक्षित वन म्हणून जाहीर करायची. कागदावर हा व्यवहार दानासारखाच दिसतो. केंद्र सरकारच्या उपक्रमांना मात्र नियमांत सवलत आहे : नवी जमीन न देता दुप्पट क्षेत्राच्या विरळ जंगलात झाडं लावली तरी चालतं. आपल्याकडचा बराचसा कोळसा १९७५ पासून नागपूरच्या वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफिल्ड्स लिमिटेड), म्हणजे केंद्राच्याच कंपनीच्या हाती आहे. ही सवलत विदर्भाला किती जड जाते, ते यावरून लक्षात यावं. विरळ जंगलात झाडं लावून जंगलाचं क्षेत्र एका एकरानेही वाढत नाही.

राष्ट्रीय उद्यानाच्या आत मात्र हा सौदा होत नाही. ताडोबा १९५५ पासून राष्ट्रीय उद्यान आहे, आणि उद्यानं-अभयारण्यांत खाणकामाला सर्वोच्च न्यायालयाची मनाई आहे. पण वाघ काही उद्यानाच्या हद्दीत थांबत नाही आणि कोळसाही तिथे संपत नाही. ताडोबाच्या दक्षिणेला दुर्गापूर, पद्मापूरच्या खाणी आहेत. त्याच पट्ट्यातल्या लोहाऱ्याच्या जंगलात खाण येणार म्हटल्यावर २००९ च्या सुमारास चंद्रपूरकर रस्त्यावर उतरले, उपोषणं झाली, आणि तो प्रस्ताव बारगळला. पर्यायी जमिनीचा आकडा तिथेही मांडता आला असता. पण ताडोबातून बाहेर पडणाऱ्या वाघाची वाट दुसऱ्या तालुक्यात लावून देता येत नाही, हे चंद्रपूरच्या माणसाला कोणी शिकवावं लागलं नाही.

आता पुन्हा झुडपीकडे. १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशाने सर्वोच्च न्यायालयाने शब्दकोशातल्या अर्थाने जे वन ते सगळं कायद्याच्या कक्षेत आणलं, आणि झुडपीचं घोंगडं आणखी भिजत पडलं. यातली सुमारे ८६ हजार हेक्टर जमीन वनव्यवस्थापनाला अयोग्य ठरवून मोकळी करावी, अशी राज्याची जुनी मागणी. दुसरीकडे पर्यायी वनीकरणाला जागा हवी झाली की बोट याच जमिनीकडे जाई. २२ मे २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने झुडपी जंगल हे वनच आहे असं ठरवलं. १९९६ च्या त्या आदेशाआधी दिलेल्या जमिनी नियमित करण्याची वाट दाखवली. आणि एक फार मोलाची गोष्ट केली : वनेतर जमीन उपलब्धच नाही असं मुख्य सचिवांनी प्रमाणित केल्याशिवाय झुडपी जमीन पर्यायी वनीकरणाला वापरायची नाही, आणि वापरलीच तर दुप्पट क्षेत्रावर. जे आधीच वन आहे ते पुन्हा वन म्हणून मोजू नका, एवढाच त्याचा अर्थ, पण तो लिहून यायला इतकी वर्षं गेली.

गावाच्या बाजूने पाहिलं तर या अटीचं महत्त्व जास्त कळतं. रोपवन लागलं की गुरं शिरू नयेत म्हणून भोवती चर खणतात. काल जिथे गुराखी कळप घेऊन जाई तिथे आज सागाच्या ओळी आणि मध्ये खोल खंदक. गाय काठावर उभी राहते आणि वळते. खाण एका गावाचं जंगल घेते आणि बदल्याची जमीन दुसऱ्याच गावाचं चराऊ रान अडवते. ज्या गावाचं जंगल गेलं त्याला तर नव्या रोपवनाचा उपयोगच नाही. चैत्रात पहाटे टोपली घेऊन मोहाखाली वेचायला बसणारी बाई पन्नास कोसांवरच्या रोपवनात जाणार नाही. गेली तरी मोहाच्या रोपाला फूल धरायला दहाएक वर्षं तरी लागतात.

जमीन देणं म्हणजे काय, हे विदर्भाने जवळून पाहिलं आहे. १९५१ साली भूदानाची हाक देणारे विनोबा इथल्याच धाम नदीकाठच्या पवनारचे. ते जमीनधारकाकडे सहावा हिस्सा मागत, आणि देणारा आपल्या सातबाऱ्यातली जमीन आपल्या तोंडाने 'दिली' म्हणे. खाणीच्या बदल्यात झुडपी जमीन निघते तेव्हा सही मंत्रालयात होते आणि जमीन गावाच्या वापरातून जाते. म्हणून असा प्रस्ताव आला की हेक्टर मोजण्याआधी बदल्यातल्या जमिनीचे गट क्रमांक मागावेत, आणि त्या गटांसमोर निस्तार पत्रकात काय लिहिलंय ते तलाठ्याकडे बसून वाचावं.