जुनाट बद्धकोष्ठता (बेळगाव सीमाभाग)

महिनोन्‌महिने टिकून राहिलेली, शौचाला नीट न होण्याची तक्रार म्हणजे जुनाट बद्धकोष्ठता. आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा होणे, मळ खडा होणे, कुंथावे लागणे, होऊन गेल्यावरही पोटात राहिल्यासारखे वाटणे, वाट अडल्यासारखी वाटणे, बोटाची मदत घ्यावी लागणे, ही तिची लक्षणे. यांतली दोन किंवा जास्त लक्षणे गेले तीन महिने वरचेवर दिसत असतील आणि त्रास सुरू होऊन निदान सहा महिने उलटले असतील, तर वैद्यकात तिला जुनाट म्हणतात. आयुर्वेदात मलावष्टंभ किंवा विबंध आणि कन्नडमध्ये मलबद्धते ही तिची नावे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या भागातल्या मराठी घरांत मात्र यांतले एकही नाव सहसा ऐकू येत नाही. ‘पोट साफ होत नाही’, ‘खडा धरलाय’, ‘परसाकडं नीट होईना’ असेच बोलले जाते.

रोज सकाळी एकदा झालेच पाहिजे ही समजूत सगळीकडे पक्की आहे, पण ती खरी नाही. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, यांतले काहीही निरोगी माणसाचे असू शकते, मात्र मळ मऊ असावा आणि त्रास नसावा. एका दिवसाआड सहज होणाऱ्या माणसाने केवळ धास्तीपोटी रोज रात्री चूर्ण घेण्याची गरज नाही.

एकाच वाक्यात चार तक्रारी

‘पोट साफ होत नाही’ हे वाक्य दवाखान्यात वेगवेगळी माणसे वेगवेगळ्या अर्थाने उच्चारतात. तरुण मुलाला त्यातून गॅस आणि पोटफुगी सांगायची असते. चार-चार दिवस होत नाही, असे एखाद्या बाईला म्हणायचे असते. तिसरा माणूस रोज जातो, पण अर्धा तास कुंथून उठतो. एखाद्या आजीचा मळ मऊच असतो, तो दाराशी येऊन थांबतो आणि बाहेर पडत नाही. चौघांना एकच चूर्ण दिले तर एखाद्याला बरे वाटेल, बाकीचे तिघे वर्षानुवर्षे औषधे बदलत राहतील. या आजाराशी झगडणाऱ्यांची खरी अडचण बहुतेक वेळा इथेच असते. औषधे भरपूर मिळतात, पण नेमकी तक्रार कुणी विचारत नाही आणि रुग्णही सांगत नाही.

सीमाभागात लाजेच्या जोडीला भाषाही आड येते. डॉक्टर कन्नड बोलणारे, खानापूरकडची बाई मराठी बोलणारी, सोबत आलेला मुलगा दुभाषा. मुलासमोर हे सगळे बोलायचे कसे? अशा वेळी ब्रिस्टल तक्ता फार कामाचा ठरतो. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरावरून नाव पडलेला हा तक्ता १९९७ साली प्रसिद्ध झाला. त्यात मळाची सात चित्रे आहेत. पहिले सुट्या कडक गोळ्यांचे, आपल्याकडे त्याला सरळ ‘शेळीच्या लेंड्या’ म्हणतात आणि याहून नेमका शब्द डॉक्टरलाही सापडणार नाही. दुसरे गाठीगाठींच्या कडक लांबोळ्या मळाचे, तिसरे वर चिरा असलेले, चौथे केळ्यासारखे मऊ आणि सलग. पाचव्यापासून सातव्यापर्यंत मळ पातळ होत जातो. रुग्णाने चित्रावर नुसते बोट ठेवायचे. पहिली दोन चित्रे बद्धकोष्ठतेची, तिसरे आणि चौथे चांगल्या पोटाचे. दोन आठवडे रोजच्या तारखेपुढे चित्राचा आकडा आणि कुंथावे लागले का एवढेच वहीत लिहून नेले, तरी तपासणीतला अर्धा वेळ वाचतो.

आत काय बिघडते

मोठे आतडे साधारण दीड मीटर लांब असते आणि मळातले पाणी शोषून घेणे हे त्याचे एक मुख्य काम. मळ जितका रेंगाळतो तितका सुकतो. काहींच्या आतड्याची चालच मंद असते. काहींची चाल ठीक असते, पण जोर करताना गुदद्वाराचे जे स्नायू सैल व्हायला हवेत तेच आवळले जातात, म्हणजे दार बाहेर ढकलायचे आणि आतून कडीही घालायची. बऱ्याच जणांत मात्र तपासणीत यांतले काहीच सापडत नाही, तरी त्रास असतोच.

जेवण पोटात पडले की मोठे आतडे जागे होते आणि सकाळच्या न्याहारीनंतर ही हालचाल सर्वांत जोरकस असते. तीच वेळ शौचाची. ती दाबली की गुदाशय हळूहळू ताणाला सरावतो आणि कळ येईनाशी होते. आयुर्वेदाने जे १३ वेग अडवू नयेत म्हणून सांगितले त्यात मळाचा वेग आहे. आता हे उपदेश म्हणून सांगणे सोपे आहे, पण वेग अडवणे ही पुष्कळांची निवड नसते. निपाणीकडे विडी वळणाऱ्या बाईला मजुरी हजार विड्यांवर मिळते. सूप मांडीवर घेऊन बसली की उठणे म्हणजे तेवढी मजुरी कमी, म्हणून पाणीही बेताने प्यायचे. वडगाव, शहापूर, खासबागेतल्या यंत्रमागावरच्या कामगाराला चालू माग सोडून जाणे अवघड. उसाच्या फडाजवळ खोपीत राहणाऱ्या तोडकरी बायका अंधार पडेपर्यंत थांबतात. यांना ‘वेळेवर जात जा’ म्हणण्याआधी जायला जागा कुठे आहे, हे विचारायला हवे.

ताटातली गोष्ट

मोठ्या माणसाला दिवसाला साधारण ३० ग्रॅम चोथा, म्हणजे अन्नातला न पचणारा तंतुमय भाग (फायबर), लागतो. १०० ग्रॅम ज्वारीत तो सुमारे १० ग्रॅम आणि नाचणीत ११ ग्रॅम असतो. पॉलिशच्या तांदळात मात्र तीन ग्रॅमही भरत नाही आणि मैद्याचीही तीच गत. म्हणजे ५० ग्रॅम पिठाच्या जोंधळ्याच्या भाकरीतून पाच ग्रॅम मिळतो. तेवढाच भातातून मिळवायचा तर पावणेदोनशे ग्रॅमहून जास्त तांदूळ शिजवावा लागेल.

पूर्वेकडे अथणी, गोकाकच्या बाजूला जोंधळा, पश्चिमेला खानापूरच्या पावसाळी पट्ट्यात भात आणि नाचणा, हे इथले जुने ताट. नाचणीची ताकातली आंबील, हुलग्याचे माडगे, अंबाडीची भाजी, जवसाची नाहीतर कारळाची चटणी, हे सगळे चोथ्याचेच पदार्थ, आणि जवस पाण्यात भिजले की इसबगोलासारखा बुळबुळीत थर धरतो. या ताटातून नाचणा कमी झाला, भात पांढरा झाला आणि न्याहारीला पाव, बटर, खारी आली. हा बदल पोटाला कळतो.

चपातीला इथे उगाच दोष देतात. ‘गव्हानं पोट धरतं’ असे म्हणतात, पण अख्ख्या गव्हाच्या पिठात ज्वारीइतकाच चोथा असतो. मऊ चपातीसाठी बारीक चाळणीने पीठ चाळून कोंडा म्हशीच्या आंबोणात टाकला जातो, तिथे खरी गोष्ट बिघडते. कोंड्यासकट पीठ मळले तर एक रुपयाही न खर्चता ताट सुधारते. फळांत पेरूसारखे दुसरे नाही. रात्री भिजवलेल्या काळ्या मनुका आणि सुके अंजीर यांनीही अनेकांना गुण येतो. केळ्याने मात्र काहींना उतार पडतो आणि काहींचे पोट आणखी धरते.

चोथा हळूहळू, दोन-तीन आठवड्यांत वाढवावा. एकदम वाढवला की पोट फुगते आणि माणूस ‘मला भाकरी मानवत नाही’ म्हणून सोडून देतो. ज्यांच्या आतड्याची चाल फारच मंद आहे किंवा ज्यांची अडचण दाराशी आहे, त्यांना जास्त चोथ्याने उलट त्रास होतो. पाण्याचेही तसेच. पुरेसे पाणी पिणाऱ्याने आणखी दोन तांबे रिचवून काही साधत नाही. कमी पिणाऱ्याला मात्र फरक पडतो.

मशेरीचे निमित्त

तंबाखूच्या या पट्ट्यात बद्धकोष्ठतेवर बोलायचे आणि मशेरी वगळायची, हे शक्य नाही. तव्यावर काळी होईस्तोवर भाजलेली तंबाखू चुरून सकाळी दाताला लावायची. पहाटे चुलीपुढे बसून, तर्जनीने हिरड्यांवरून फिरवत बायका ती दहा-पंधरा मिनिटे तोंडात धरतात आणि मग परसाकडे जातात. ‘लावल्याशिवाय होतच नाही’ हे त्यांचे म्हणणे खोटे नाही. निकोटिन आतड्याला खरोखरच चालना देते. बापयांची चहा-बिडी हेच काम करते. पण याच सवयीमुळे तोंडाचा कर्करोग होतो आणि पोटाच्या नावाखाली ती सवय आईकडून मुलीकडे जाते.

मशेरी सोडली की पहिले काही आठवडे पोट खरेच धरते. हे कुणी आधी सांगितलेले नसते, म्हणून आठव्या-दहाव्या दिवशी डबी पुन्हा उघडली जाते. सोडतानाच रात्री इसबगोल किंवा डॉक्टरांनी दिलेली मळ मऊ करणारी पावडर सुरू करावी, सकाळी कोमट पाणी आणि लगेच काहीतरी खाणे असा क्रम धरावा, म्हणजे तो काळ निभावतो.

औषधे

इसबगोल हे एका वनस्पतीच्या बियांचे साल असून त्याचे पीक मुख्यतः गुजरात-राजस्थानात येते. दोन चमचे साल ग्लासभर पाण्यात ढवळले की दोन-तीन मिनिटांत पाणी दाटते, आणखी ठेवले तर चमच्याने उचलावा असा बुळबुळीत लगदा होतो. हाच लगदा आतड्यात मळाला ओलावा देतो. म्हणून ते दाटायच्या आत प्यावे आणि वर आणखी एक ग्लास पाणी घ्यावे. कोरडे तोंडात टाकून घोटभर पाणी पिणाऱ्यांच्या ते घशात अडकू शकते. गिळायला त्रास होणाऱ्यांनी ते टाळावे. गुण यायला एक ते तीन दिवस लागतात.

तेवढ्याने भागले नाही तर पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पावडर किंवा लॅक्टुलोजचे गोड सिरप देतात. दोन्ही आतड्यात पाणी धरून ठेवतात. लॅक्टुलोजने गॅस जास्त होतो. सोनामुखी आणि बिसाकोडिल आतड्याला हलवून कामाला लावतात. रात्री घेतले की सकाळपर्यंत होते. बाजारातल्या कितीतरी ‘आयुर्वेदिक’ चूर्णांत सोनामुखीच असते, डबीवरचे घटक वाचले की दिसते. ती कधीमधी, मुख्य उपाय कमी पडले तर घ्यावी. चमच्याचे दोन आणि दोनाचे तीन होत असतील तर डॉक्टरांना दाखवण्याची वेळ आली आहे. सुंठीच्या काढ्यातून एरंडेल देण्याची जुनी रीत अजून टिकून आहे. ते दोन ते सहा तासांत जोरात काम करते, त्यामुळे गरोदर बाईला आणि लहान मुलांना घरच्या घरी देऊ नये.

पोट धरण्याचे कारण कधी दुसऱ्याच औषधात असते. अम्लोडिपिन, व्हेरापामिल या रक्तदाबाच्या गोळ्या, कोडीनचे खोकल्याचे औषध, ट्रामाडॉल, अमिट्रिप्टिलीन, कॅल्शियम, ही त्यांतली नेहमीची. गरोदरपणात १८० दिवसांसाठी मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्यांनी मळ काळा आणि कडक होतो आणि कित्येक जणी त्या गुपचूप बंद करतात. गोळी सोडू नये, आशाताईंना सांगावे. बद्धकोष्ठतेवर उपाय आहे, बाळंतपणातल्या रक्तक्षयाचा धोका मात्र मोठा आहे. थायरॉईड मंदावणे, मधुमेह, कंपवात हीही कारणे तपासावी लागतात.

ज्यांचे स्नायू उलटे आवळतात त्यांना यांतल्या कशानेही पुरेसे बरे वाटत नाही. त्यांच्यासाठी बायोफीडबॅक हे प्रशिक्षण आहे. पडद्यावर आपल्याच स्नायूंची हालचाल पाहत, जोर करताना दार सैल सोडायला शिकायचे. काही बैठकांत अनेकांना जमते. बोटाने मदत घ्यावी लागते हे डॉक्टरांना सांगितले तरच ही दिशा सापडते. बाळंतपणांनंतर हा त्रास अनेक बायकांना होतो. त्यात लाजण्यासारखे काहीच नाही.

बसण्याची पद्धत

उकिडवे बसल्यावर गुदाशयाभोवतीचा स्नायूंचा पट्टा सैल होऊन वाट सरळ होते. गुडघेदुखीमुळे घरोघर कमोड आले आणि म्हाताऱ्यांचे कुंथणे वाढले. कमोड काढायची गरज नाही. पायांखाली वीतभर उंचीचा पाट किंवा उलटी बादली ठेवायची, गुडघे कमरेच्या वर आणायचे, कोपरे मांड्यांवर टेकायची. दहा मिनिटांत झाले नाही तर उठावे. मोबाईल बाहेर ठेवावा.

मुले आणि म्हातारी माणसे

एकदा दुखले की लहान मूल शौच धरून ठेवते. पाय आवळून कोपऱ्यात उभे राहते, घरच्यांना वाटते ते जोर करतेय. रागावल्याने हे वाढते. मळ मऊ ठेवणारे औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने काही महिने चालू ठेवावे लागते.

मळात रक्त, वजन घटणे, रक्तक्षय, घरात कुणाला आतड्याचा कर्करोग असणे, पन्नाशीच्या आसपास अचानक बदललेली सवय, पोट फुगून उलट्या, यांपैकी काहीही असेल तर चूर्ण बाजूला ठेवून लगेच तपासून घ्यावे. रक्त दिसले की ‘मूळव्याधच असणार’ म्हणून भिंतीवरच्या जाहिरातीतला पत्ता गाठणाऱ्यांचे मोलाचे महिने वाया जातात.

अंथरुणाला खिळलेल्या आजोबांना जुलाब लागले, असे घरचे सांगतात तेव्हा कधी कधी उलटेच असते. गुदाशयात मळाचा मोठा खडा अडकलेला असतो आणि त्याच्या कडेने पातळ मळ पाझरतो. जुलाब थांबवायची गोळी दिली की खडा आणखी घट्ट होतो. डॉक्टर बोटाने तपासून हे क्षणात ओळखतात, एनिमा देऊन किंवा हाताने खडा मोकळा करतात आणि पुन्हा अडकू नये म्हणून मळ मऊ ठेवणारी पावडर रोज चालू ठेवतात.