बॉडी लिफ्ट

शिडीच्या आकाराच्या चेसिसवर (गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यावर) वेगळी बॉडी बसवलेल्या गाडीत, चेसिस आणि बॉडी यांच्यामधल्या प्रत्येक रबरी माउंटवर जाड ठोकळा घालून बॉडी तेवढी वर उचलणे म्हणजे बॉडी लिफ्ट. ठोकळ्याची जाडी साधारण २५ ते ७५ मिमी असते. एक्सल, डिफरन्शियल, स्प्रिंग, इंजिन, गिअरबॉक्स आणि इंधनाची टाकी जागची हलत नाहीत. त्यामुळे, अनेकांच्या समजुतीच्या उलट, बॉडी लिफ्टने ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासून गाडीच्या सर्वांत खालच्या भागापर्यंतचे अंतर, वाढत नाही. वाढते ती चाकाच्या कमानीतली जागा. तिथे मोठा टायर बसला तर क्लिअरन्स वाढतो, तोही टायरच्या वाढलेल्या व्यासाच्या निम्मा. जिप्सीचा २०५/७० आर१५ टायर ६६८ मिमी व्यासाचा. त्याऐवजी २१५/७५ आर१५ बसवला तर व्यास ७०४ मिमी होतो आणि डिफरन्शियल जमिनीपासून फक्त १८ मिमी वर जाते. सोबत स्पीडोमीटर कमी वेग दाखवू लागतो: काटा ८० वर असताना गाडी ८४ ने धावत असते.

म्हणून लिफ्टची उंची टायर पाहून ठरवावी, गाडी रुबाबदार दिसावी म्हणून नव्हे. २५ मिमीमध्ये भागत असेल तर ५० मिमीला हात घालू नये, कारण कामाचा व्याप उंचीपेक्षा वेगाने वाढतो. ७५ मिमीची लिफ्ट घरच्या अंगणात करण्याजोगी नाही.

मारुती जिप्सी आणि जिम्नी, महिंद्राच्या थार, बोलेरो आणि स्कॉर्पिओ, टाटा सुमो, फोर्स गुरखा, टोयोटा फॉर्च्युनर या चेसिसवाल्या गाड्यांत ही लिफ्ट शक्य असते. क्रेटा, डस्टर, हॅरियर किंवा २०२१ पासूनची सफारी यांची बॉडी हाच सांगाडा असतो. त्यांना बॉडी लिफ्ट होत नाही, आणि कोणी करून देतो म्हणाला तर तो दुसरेच काही तरी करणार आहे.

विदर्भात या बदलाला एक स्थानिक कारणही आहे. पावसाळ्यात नागपूरच्या आसपासची काळी कापसाची माती टायरला लिंपून बसते, थरावर थर चढतात आणि कमान गच्च भरून चाक अडू लागते. कोरड्या रस्त्यावर व्यवस्थित फिरणारा टायर उमरेड किंवा कुहीकडच्या शेतरस्त्यावर अर्ध्या किलोमीटरात घासायला लागतो. कमानीत दोन बोटे जागा जास्त असली की तेवढा चिखल पचतो.

कायदा

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील निर्मात्याने मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ प्रमाणे मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. नागपूरच्या एमएच-३१, ४० किंवा ४९ पाटीच्या जुन्या गाड्या १५ वर्षांनी फेरनोंदणीसाठी तपासणीला न्याव्याच लागतात आणि ठोकळे तिथे वाकून पाहिले की दिसतात. अपघातानंतर विमा कंपनी न कळवलेल्या बदलावर बोट ठेवून दावा अडवू शकते. तेव्हा पुढची माहिती शेतात, फार्महाउसवर किंवा खासगी ट्रॅकवर चालणाऱ्या गाडीसाठी आहे असे समजावे.

ठोकळे आणि बोल्ट

ठोकळा काळ्या कास्ट नायलॉनचा, कडक पॉलियुरेथेनचा किंवा ॲल्युमिनियमचा असतो. तयार किट मिळाले नाही तर ७० ते ७५ मिमी व्यासाचा नायलॉनचा दांडा घेऊन हिंगणा एमआयडीसीतल्या एखाद्या लेथवर तुकडे काढून घेता येतात. माउंट गाडीनुसार साधारण ८ ते १४ असतात. आधी वाकून मोजावेत. सगळे तुकडे एकाच जाडीचे आणि दोन्ही तोंडे समांतर हवीत. अर्धा मिलिमीटर फरक चालतो, दोन मिलिमीटर फरक दारांच्या फटींत दिसतो. लाकडाचा ठोकळा, वॉशरची चळत किंवा दोन पातळ ठोकळे एकावर एक, यातले काहीही चालत नाही. गाडी तिरपी झाली की चळत सरकते आणि सगळा भार बोल्टवर वाकवणारा होऊन येतो.

भोक बोल्टपेक्षा १ मिमीच मोठे असावे. यामागे कारण आहे. मूळ माउंटच्या रबरात एक लोखंडी नळी असते. बोल्ट आवळला की दाब त्या नळीवर येतो आणि रबर ठरावीक मापापलीकडे दबत नाही. ठोकळ्याचे भोक ऐसपैस असेल तर नळी त्यात घुसते, रबर चिरडते आणि बोल्ट कितीही आवळला तरी काही दिवसांत ढिला होतो. नळी बारीक असेल तर ती आणि ठोकळा यांच्यामध्ये ३ मिमीचा लोखंडी वॉशर घालावा.

नवा बोल्ट जुन्यापेक्षा ठोकळा आणि वॉशर मिळून होणाऱ्या जाडीइतका लांब हवा. डोक्यावर ८.८ किंवा १०.९ कोरलेले असावे; कोऱ्या डोक्याचा बोल्ट घेऊ नये. टोकापर्यंत आटे पाडलेलाही नको, कारण ठोकळ्यातून जाणारा भाग गुळगुळीत असेल तरच तो वाकवणारा भार नीट सोसतो. इतवारीतल्या लोहा ओळीत बोल्ट घेताना सर्वांत जास्त चूक होते ती पिचची, म्हणजे दोन आट्यांमधल्या अंतराची (मिमीमध्ये). जपानी घडणीच्या गाड्यांत १० आणि १२ मिमीच्या बोल्टचा पिच बहुधा १.२५ असतो, तर दुकानात सहज मिळणारे बोल्ट अनुक्रमे १.५ आणि १.७५ चे असतात. तसा बोल्ट दोन-तीन फेरे हाताने जातो, मग अडतो. पाना लावून दामटला की बॉडीत वेल्ड केलेल्या नटाची चुडी (आतले आटे) जाते. जुना बोल्ट खिशात घालून न्यावा आणि नवा त्याच्या आट्यांत आटे घालून उजेडासमोर धरून पाहावा. जराही फट दिसली तर परत करावा.

उचलण्याची तयारी

काम दोन माणसांचे आणि दोन दिवसांचे आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांवर गेला की दुपारी पत्र्याला हात लावणेही अवघड होते. जागा सपाट सिमेंटची हवी. अंगणात शहाबादी फरशी असेल तर जॅकखाली १८ मिमीचा प्लायवूड टाकावा, नाहीतर फरशी फुटते आणि जॅक कलंडतो.

आदल्या रात्री सगळ्या माउंटच्या बोल्टवर गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे. मुंबई-कोकणात वापरलेली जुनी गाडी असेल तर हे दोन रात्री करावे. बोल्ट फिरतो पण बाहेर येत नाही, म्हणजे आतला नट बॉडीपासून सुटून सोबत फिरतो आहे. अशा वेळी वरून गालिचा काढून फरशीच्या पत्र्याला खिडकी पाडावी लागते, नट पान्याने धरून बोल्ट काढावा लागतो आणि नंतर नवा नट वेल्ड करून खिडकी बंद करावी लागते. एका नटात अर्धा दिवस जातो.

इंधनाची टाकी पाव किंवा त्याहून कमी भरलेली असावी. बॅटरीची आधी ऋण, मग धन तार काढावी. चाकांना पुढून-मागून दगड लावावेत. सगळ्या माउंटचे जवळून फोटो काढावेत; काही माउंटवर कारखान्यातूनच पातळ पट्ट्या घातलेल्या असतात आणि त्या त्याच जागी परत जाव्या लागतात.

उचलणे

दोन्ही बाजूंचे सगळे बोल्ट तीन-चार फेरे ढिले करावेत. मग एका बाजूचे पूर्ण काढावेत; दुसऱ्या बाजूचे तसेच ढिले पण अडकलेले राहू द्यावेत, म्हणजे बॉडी आडवी सरकत नाही. दोन-तीन टनांचा हायड्रॉलिक जॅक बॉडीच्या काठाखाली, मध्ये किमान दोन फूट लांबीचा जाड लाकडी ओंडका घेऊन लावावा. ओंडक्याविना जॅकचे तोंड पत्र्यात घुसते. जॅक सावकाश मारावा आणि दुसऱ्या माणसाने इंजिनच्या खणात पाहत राहावे: कुठली नळी, तार किंवा केबल ताणली जाते ते त्याने ओरडून सांगायचे. काही ताणले की थांबायचे, ते मोकळे करायचे, मगच पुढे.

५० मिमीच्या ठोकळ्यासाठी ५५ ते ६० मिमी उचलले तरी पुरते. चेसिस आणि बॉडी यांच्यामध्ये आधी लाकडी गुटके अडकवावेत, मगच ठोकळा सरकवावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर त्या फटीत बोटे घालणे हा या सगळ्या कामातला सर्वांत मोठा धोका आहे. जॅक अर्धा इंच बसला तरी बोटे जातात.

ठोकळे बसले की बोल्ट फक्त हाताने लावावेत. दुसरी बाजूही तशीच करून, बॉडी पूर्ण बसल्यावर मधल्या माउंटपासून टोकांकडे जात, निर्मात्याने त्या गाडीसाठी दिलेल्या टॉर्कने (आवळण्याच्या जोराने) आवळावेत. एक बाजू आधीच करकचून आवळली की समोरच्या बाजूची भोके जुळत नाहीत.

जोडण्या

ठोकळे बसवणे हा कामाचा सोपा अर्धा भाग. बॉडीवरून चेसिसवर जाणारी प्रत्येक वस्तू आता आखूड पडते.

स्टीअरिंगचा दांडा सर्वांत महत्त्वाचा. वरचा भाग बॉडीवर, खालचा स्टीअरिंगचा गिअरबॉक्स चेसिसवर, आणि मधला दांडा आत-बाहेर सरकणारा असतो. उचलण्याआधी सरकत्या जोडावर खडूने खूण करावी आणि नंतर तो किती उघडला ते पाहावे. आतला भाग जेमतेम अडकून राहिला असेल तर त्या गाडीसाठी बनवलेला लांब जोड लावावा. दांडा कापून मध्ये तुकडा वेल्ड करणे हे घरचे काम नाही, ओळखीच्या मिस्त्रीचेही नाही. एअरबॅग असलेल्या गाडीत दांडा सुटा असताना स्टीअरिंग दोरीने बांधून ठेवावे. ते गरगर फिरले तर आतली गुंडाळलेली पट्टी तुटते आणि एअरबॅगचा दिवा पेटून राहतो.

मास्टर सिलिंडरपासून चेसिसवर उतरणाऱ्या ब्रेकच्या लोखंडी नळीला वळसे असतील तर २५ मिमी त्यातून निघतात. नळी सरळ ताठ झाली असेल तर ती थरथरीने युनियनजवळ (नळीच्या जोडाजवळ) चिरते. तिथे लांब नळी नवी बसवून ब्रेकमधली हवा काढावी लागते. इंजिन ते बॉडी अर्थिंगची पट्टी ताणली गेली तर सेल्फ मंद फिरतो आणि लोक बॅटरी बदलत बसतात. एसीच्या नळ्यांना ढील नसेल तर गॅस घरी सोडू नये.

टाकी चेसिसवर आणि तिचे तोंड बॉडीवर, त्यामुळे मधली रबरी नळी क्लिपमधून निसटू लागते. ती लांब आणि इंधनाला टिकणाऱ्या रबराचीच घ्यावी. पाण्याची नळी पेट्रोलने फुगते. गिअरचा दांडा फरशीच्या मानाने खाली बसतो. इंजिन बंद ठेवून सगळे गिअर, रिव्हर्स आणि फोर-व्हीलचा लो, एकेक टाकून पाहावेत. दांडा भोकाच्या काठाला टेकत असेल किंवा रबरी पिशवी त्याला मागे ओढत असेल तर गिअर पूर्ण बसत नाही आणि धक्क्याला निसटतो. भोक तेवढ्या बाजूने मोठे करावे.

रेडिएटर आणि पंखा

इंजिनवर पंखा असलेल्या आणि बॉडीवर रेडिएटर असलेल्या गाड्यांत बॉडीसोबत रेडिएटरचे पंख्याभोवतीचे कवच वर जाते, पंखा मात्र जागीच राहतो. पाती कवचाच्या खालच्या कडेला लागतात. बहुतेक ठिकाणी यावर कवच खालून कापून टाकतात. थंड प्रदेशात हे खपते, नागपुरात खपत नाही. कापलेल्या भागातून पंखा रेडिएटरमधली हवा ओढण्याऐवजी इंजिनकडची तापलेली हवाच घुमवतो, आणि मे महिन्यात सीताबर्डीच्या गर्दीत एसी लावून उभी असलेली गाडी तापायला लागते. योग्य उपाय म्हणजे रेडिएटरच ठोकळ्याइतका खाली घेणे: ४० बाय ५ मिमीच्या लोखंडी पट्टीचे चार तुकडे, प्रत्येकाला ठोकळ्याच्या जाडीइतक्या (५० मिमीच्या ठोकळ्याला ५० मिमी) अंतरावर दोन भोके, वरचे बॉडीला आणि खालचे रेडिएटरला. पात्यांभोवती चारही बाजूंनी सारखी जागा आली पाहिजे. इंजिन सुरू करण्याआधी पंखा हाताने दोन पूर्ण फेरे फिरवावा, आणि वरची-खालची नळी मुडपली नाही ना ते बोट फिरवून पाहावे. ज्या गाड्यांत रेडिएटर चेसिसवरच असतो किंवा त्याला विजेचा पंखा जोडलेला असतो, तिथे यातले काही करावे लागत नाही. फक्त नळ्यांची लांबी पाहावी.

नंतर

बंपर बहुधा चेसिसवर असतात, म्हणून बॉडी आणि बंपर यांच्यात ठोकळ्याइतकी फट दिसते. ब्रॅकेटने ते वर घ्यावेत.

पहिली फेरी बंद जागेत, पायी चालण्याच्या वेगाने करावी: स्टीअरिंग दोन्ही टोकांपर्यंत, ब्रेक पूर्ण दाबून, मग एका चाकाखाली एखादा उंच दगड घेऊन टायर कमानीला लागतो का ते. १०० किमीनंतर आणि पुन्हा ५०० किमीनंतर सगळे बोल्ट टॉर्क पान्याने तपासावेत. नवा ठोकळा आणि जुने रबर या काळात बसतात आणि थोडा ढिलेपणा येतोच. ५०० किमीनंतरही तोच एक बोल्ट पुन्हा ढिला निघाला तर तो परत आवळून सोडून देऊ नये. त्या माउंटची नळी ठोकळ्यात रुतलेली असते किंवा नटाची चुडी गेलेली असते, आणि ते माउंट खोलूनच पाहावे लागते.